मेलला दाखवलेलं निशाण

अर्धं डोकं तासलेलं आणि अर्धं तसंच, अशा अवस्थेत मी कल्याणात आठ दिवस काढलेले आहेत. पगडीमुळे अब्रू वाचली, असं मी समजत होतो. पगडीखाली काय आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि हे सगळं झालं फुटबॉलपायी. ज्या फुटबॉलला त्या दिवशी माझा पायसुद्धा लागलेला नव्हता.

जुन्या शतकाची ती अखेरची वर्षं. मी तेव्हा कल्याणात राहत असे आणि उल्हास नदीपलीकडच्या एका लहानशा स्टेशनावर तारमास्तर होतो; आजही तिथंच आहे. दिवसभर तारेचा कट्टकट्ट ऐकायचा आणि न थांबता जाणाऱ्या गाड्यांना निशाण दाखवायचं, एवढंच काम. कल्याणच्या यार्डाला लागून एक मोकळं माळरान होतं. तिथं शनिवारी संध्याकाळी लोको शेडमधले गोरे ड्रायव्हर आणि फिटर फुटबॉल खेळत. पुढं आम्हा देशी नोकरांनाही हुरूप आला आणि आमची एक टीम उभी राहिली. त्यांच्या पायांत बूट, आमचे पाय अनवाणी. त्यांच्या अंगात पाटलोणी, आमची धोतरं काचा मारून वर खोचलेली.

मीही सुरुवातीला त्या टीममध्ये होतो, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्याच मॅचमध्ये चेंडू माझ्या सुटलेल्या ओच्यात अडकला, आणि तो झटकून टाकायच्या गडबडीत मी चेंडूसकट आमच्याच गोलात जाऊन पडलो. टीमचे आश्रयदाते म्हणजे गुड्स ऑफिसचे हेडक्लार्क. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते मला बाजूला घेऊन अगदी गोडीनं म्हणाले, "तारमास्तर, तुम्ही आपले रेषेबाहेर निशाण घेऊन उभे राहत जा. तिथून तुमच्या हातून काही नुकसान व्हायचं नाही."

अण्णा हिशेबात कधी चुकत नसत. तेवढे एकदाच चुकले.

रेषेवरच्या माणसाचं काम सोपं होतं. चेंडू बाहेर गेला की निशाण वर करायचं. कुणाचा हात चेंडूला लागलेला दिसला आणि मधल्या पंचसाहेबाला तो दिसला नसला, तरीही निशाण वर करायचं. निशाण मी माझ्याच स्टेशनावरचं आणलेलं, कारण दुसरं होतं कुठं?

आता ज्याच्यामुळे ही गोष्ट सांगायची, त्याच्याकडे येतो. आमच्या टीमचा बॅक हा यार्डातला सांधेवाला होता. म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घालण्यासाठी लोखंडी दांडा ओढणारा. कोलशेतचा. त्याच्या घरची चार पिढ्यांची मिठागरं. मिठागराची भुई पावसाळ्यानंतर पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. ते काम त्यानं लहानपणापासून केलेलं. त्यामुळे त्याच्या पायांना पाय म्हणणं हा त्यांचा अपमानच होता. बूट घातलेले गोरे त्याच्या अनवाणी नडगीवर आपटून लंगडत जात आणि हा उभाच्या उभा. बोलायचा कमी. आम्ही सगळे त्याच्यावर लट्टू होतो. समोरच्या टीमचा कॅप्टन, म्हणजे लोको शेडचा फोरमन, तोही लट्टू होता. त्यानं याला सांगितलेलं, "तुझ्यासारखा गडी मला फायरमन म्हणून पाहिजे. मॅचनंतरच्या सोमवारी शेडमध्ये ये." सांध्यावरून इंजिनावर! त्याच्या सगळ्या गावात इंजिनावर चढलेला माणूस नव्हता. ही बातमी पंधरा दिवस आधीपासून यार्डभर झालेली होती.

मॅच त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी होती.

खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता आणि दोन्हीकडे एक-एक गोल झालेला. माळावर निम्मं कल्याण लोटलेलं. लोक झाडांवर चढून बसलेले, मालडब्यांच्या टपांवर बसलेले. गोऱ्यांशी बरोबरी, म्हणजे आमच्या दृष्टीनं जवळजवळ जिंकल्यातच जमा. आमच्या गोलासमोर दाटी झाली. चार गोरे, पाच आमचे, मध्ये चेंडू, वर धूळ. आणि नेमकी तेव्हाच माझ्या पाठीमागून मेल आली.

आता तुम्ही म्हणाल, मेल आली तर तुमचं काय गेलं? तेच तर सांगतोय. न थांबणारी गाडी आली की तिच्याकडे तोंड करायचं, हात लांब करून निशाण धरायचं, आणि शेवटच्या डब्यामागचा दिवा दिसेपर्यंत नजर हलवायची नाही, हा आमचा नियम. तो दिवा दिसला तरच गाडी अख्खी गेली, मध्ये तुटून मागं राहिली नाही, हे कळतं. चार वर्षं मी हे रोज करत होतो. जेवता जेवता उठून करत होतो. बायको म्हणायची, झोपेत शिट्टी ऐकू आली तरी तुमचा हात पांघरुणातून बाहेर येतो. तर शिट्टी वाजली आणि मी, आमचा गोल, ती धूळ, ते निम्मं कल्याण, सगळ्यांकडे पाठ फिरवून खड्या ताठ हातानं मेलला निशाण दाखवलं. इंजिन गेलं, डबे गेले, शेवटचा दिवा दिसला. मला कर्तव्य केल्याचं समाधान वाटलं, ते खोटं सांगत नाही.

मागं वळलो तर खेळ थांबलेला. गोरे हात वर करकरून ओरडत होते. आमचे लोक दुप्पट ओरडत होते. आणि खेळ चालवणारा वर्कशॉपातला तो वयस्कर साहेब, तोंडात शिट्टी, लांब ढांगा टाकत थेट माझ्यापाशी आला. माझं निशाण अजून वरच होतं. त्यानं निशाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "त्या बॅकचा हात चेंडूला लागलेला तुम्ही पाहिलात?"

प्रश्न मला नीट कळला होता. उत्तरही साधं होतं, की साहेब, मी काहीच पाहिलं नाही, मी गाडी बघत होतो. पण चार वर्षांत साहेबानं काहीही विचारलं तरी माझ्या तोंडून एकच उत्तर बाहेर पडायचं. तेच पडलं.

"यस सर."

साहेबानं बारा यार्डांच्या रेघेकडे बोट केलं.

पेनल्टीचा कायदा तेव्हा नवा होता. आमच्यातल्या निम्म्यांनी तो ऐकलेला आणि बाकीच्या निम्म्यांचा त्यावर विश्वास नव्हता. एकटा माणूस गोलासमोर उभा करायचा, बाकीच्यांनी मागं हटायचं आणि त्यानं चेंडू हाणायचा, हा खेळ का फाशी, असं अण्णा भर मैदानात ओरडले. आमचा गोलकीपर पार्सल ऑफिसात कारकून होता. तो पुढं धावावं का मागं राहावं या विचारात असतानाच चेंडू त्याच्या बगलेखालून गेला. थोड्या वेळानं खेळ संपला. हरलो.

मी पाहिलं, सांधेवाला जागच्या जागी उभा होता. त्यानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू ते कुणा दुसऱ्याचे असावेत. मग माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमी बगितला ना? मंग सांगा. माजा हात लागला का नाय?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तोवर लोक मैदानात शिरले होते आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून मी पगडी सारखी करायला लागलो. मी म्हणालो, "धूळ फार होती रे."

पाच मिनिटांत भांडण रंगलं. कुणी म्हणे, गोलकीपरनं पुढं धावायला हवं होतं. गोलकीपर म्हणे, पुढं धावलो असतो तर डोक्यावरून गेला असता, तुम्ही काय मालडब्यावर बसून शहाणपण शिकवता! कुणी म्हणे, पहिल्या अर्ध्यात दोन चेंडू रिकाम्या गोलात घालता आले नाहीत, तिथंच मॅच गेली. "गेली नाही, घालवली!" असं तिसरा ओरडला. दोघांनी एकमेकांची उपरणी धरली. आणि या सगळ्यातून हळूहळू एकच नाव वर आलं, नाव म्हणजे नाव नव्हे, बोट. सगळ्यांची बोटं सांधेवाल्याकडे.

"हात घातलाच कशाला?"

"चुकून लागला असेल हो."

"चुकून?" अण्णांचा आवाज थंड होता. "सोमवारी इंजिन, शनिवारी पेनल्टी. चुकून कसं असेल? ज्याचं मीठ खायचंय त्याला आधी खूश करून ठेवलंन."

असल्या गोष्टी एकदा बोलल्या गेल्या की सगळ्यांनाच वाटतं की आपल्यालाही हेच वाटत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मिठागरवाल्याला विकत घ्यायला काय लागतं? कोळशाचं फावडं दाखवलं की झालं!" लोक हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं. मीही हसलो होतो. न हसता उभं राहिलो असतो तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

सांधेवाला वाट काढत निघून गेला. कुणीतरी त्याच्या पाठीवर ढेकूळ मारलं, तेही त्यानं झटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेणाळे तळ्याच्या काठी एका चिंचेखाली आमचा न्हावी बसत असे. वार बघत बसलो तर रेल्वेवाल्याची हजामत वर्षभर व्हायची नाही, म्हणून आम्ही सगळे रविवारीच तिथं जमत असू. न्हावी म्हातारा, कडक आणि आमच्या टीमचा सर्वांत जहाल भक्त. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो, पगडी गुडघ्यावर. अण्णा बाजूच्या दगडावर आपली पाळी यायची वाट बघत होते. गोलकीपर होता. आणखी पाचसहाजण असतील. डोक्यावर पाणी मारून न्हाव्यानं वस्तरा लावला आणि कालचं भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं.

"मी सांगतो, त्याचा हात छातीपाशी होता."

"छातीपाशी कुठला, वर होता. मी झाडावर होतो."

"तुम्ही झाडावर होतात म्हणजे तुम्हाला सगळेच हात खाली दिसणार."

"अहो, पण तारमास्तर होते ना तिथं, दहा पावलांवर," न्हावी म्हणाला. वस्तरा माझ्या कानामागं थांबला. "यांनी निशाण वर केलं म्हणूनच तर साहेबाला कळलं. मास्तर, आपल्याच माणसाविरुद्ध निशाण वर करायला छाती लागते. खरं बोललात. मानलं तुम्हाला."

मला घाम फुटला. त्यानं तो उपरण्यानं पुसला.

"तो हरामखोर सापडू दे माझ्या हाताखाली," न्हावी पुढं म्हणाला. "पाट काढून पाठवतो." पाट काढायचा म्हणजे डोक्यावर मधोमध एक पट्टा तासून माणसाला गावभर फिरायला लावायचं. माझ्या डोक्याची डावी बाजू एव्हाना गुळगुळीत झालेली होती.

तेवढ्यात सांधेवाला आला. हजामतीला नव्हे. तो सरळ अण्णांसमोर उभा राहिला. डोळे लाल. कोलशेतला जाऊन, घरी सांगून, पहाटे तिथून चालत आलेला असावा. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले.

"अण्णा," तो म्हणाला, "उंद्या मी शेडात जानार नाय. साहेबाला सांगतो, नोकरी नको मना. इंजिन नको. मंग तरी तुमी सगले मानाल का, का मी इकलेला नाय?"

अण्णांनी तपकीर ओढली. "ते तुझं तू बघ."

"माज्या आईला काल कल्यानच्या बाजारात बोलले. पोरानं साहेबाला गोल इकला म्हनून."

"मग? बोलणारच लोक," गोलकीपर म्हणाला. हा तोच, ज्याच्या बगलेखालून चेंडू गेलेला. सांधेवाला दोषी ठरला की त्याची बगल सुटत होती.

"नोकरी सोडलीस तर म्हणतील, पाप खुपलं म्हणून सोडली," कुणीतरी पुस्ती जोडली. "आणि धरलीस तर म्हणतील, बघा!"

काहीही केलं तरी हा मेला. आणि त्याला मारणारं निशाण माझ्या घरी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. मी शूर माणूस नाही. पण वस्तरा डोक्यावर असताना उठून पळता येत नाही, आणि तो आपल्या मोठ्या लाल डोळ्यांनी माझ्याकडेच बघत होता.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

"काय?" अण्णा.

"हात लागलेला मी पाहिला नाही. मी तिकडे बघतच नव्हतो."

"अहो, पण तुम्ही निशाण वर केलंत!"

"ते मेलला केलं."

कुणालाच काही समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. शिट्टी, सवय, शेवटचा दिवा, आणि ते यस सर. जसजसं सांगत गेलो तसतसं मलाच ते इतकं मूर्खपणाचं वाटायला लागलं की शेवटी मी जरा हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

"म्हणजे," अण्णा एकेक शब्द तोलत म्हणाले, "मेल काय मैदानात थांबायला येणार होती? तुम्ही निशाण दाखवलं नसतंत तर ती रुळावरून उतरून गोलात शिरणार होती?"

"नाही."

"कल्याणच्या यार्डात निशाण दाखवायला दुसरी माणसं नाहीत?"

"आहेत."

"आणि साहेबाला नाही म्हणायला जीभ नव्हती?"

मी गुडघ्यावरची पगडी फिरवत राहिलो.

"मग हात लागला का नाही लागला?" गोलकीपर किंचाळला. त्याची बगल पुन्हा धोक्यात आलेली.

"मला माहीत नाही."

न्हाव्यानं वस्तरा पुसला. धोकटी उघडली, वस्तरा आत ठेवला, वाटीतलं पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतलं आणि धोकटी बंद केली.

"उठा."

"अहो, अर्धं राहिलंय."

"राहिलेलं मेलच्या गार्डाकडून करून घ्या."

एवढं ऐकल्यावर मात्र सगळे हसले. कालच्यासारखंच हसू होतं; फक्त आज ते माझ्यावर होतं. अण्णा उठले आणि जाता जाता म्हणाले, "तुमच्यापेक्षा तो विकला गेला असता तर बरं होतं हो. त्यात निदान अक्कल तरी दिसली असती." सांधेवाल्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. त्याची माफी कुणीच मागितली नाही. एका माणसावरचा राग उचलून दुसऱ्यावर ठेवला, की पहिल्याचं देणं फिटलं, असं लोक समजतात.

मला वाटलं, निदान हा तरी दोन बरे शब्द बोलेल. मी पगडी डोक्यावर ठेवली. अर्धं डोकं ओलं असल्यामुळे ती एका बाजूला सरकत होती. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काल का नाय सांगितला?"

"काल लोक फार होते रे."

"माजी आई काल बाजारात व्हती," तो म्हणाला. मग तळ्याकडे तोंड करून थुंकला आणि गेला.

सोमवारी तो इंजिनावर चढला. फायरमन झाला. ते एक झालं. मला मात्र त्या आठवड्यात कल्याणातल्या एकाही न्हाव्यानं हात लावला नाही. एकानं तर लांबूनच हात वर केला, मेलला करतात तसा. शेवटी रविवारी ठाण्याला गेलो, तळ्याजवळच्या एका अनोळखी न्हाव्यासमोर बसलो आणि पगडी काढली. त्यानं माझं डोकं या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, आणि म्हणाला, "कल्याणचे का?"

मी भिवंडीचा म्हणून सांगितलं. त्यानं ते मानलं नाही, पण डोकं पूर्ण केलं. वस्तरा मुद्दाम बोथट वापरला, अशी माझी खात्री आहे.

त्या मॅचवर कल्याणात पुढं वर्षानुवर्षं वाद चालला. गोलकीपर निवृत्त झाला तरी चालला. हात लागला होता, नव्हता लागला. निशाण नसतं तरी साहेबानं पेनल्टी दिलीच असती, नसती दिली. माझ्यासमोर हे बोलणं निघालं की लोक एकदम माझ्याकडे वळत आणि मग सगळ्यांचं एकमत होई. अण्णा तर शेवटपर्यंत माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. त्यांच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण अख्ख्या यार्डाला होतं, मला नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी एकदा मालगाडी माझ्या स्टेशनावर बाजूला घेतली होती. इंजिनावर तोच होता. डोक्याला फडकं, कोळशानं काळाठिक्कर, खांदे आणखी रुंद झालेले. पुढची गाडी जाईपर्यंत वेळ होता. मी धीर करून जवळ गेलो आणि इतक्या वर्षांनी विचारलं, "खरं सांग. लागला होता का रे?"

त्यानं फावडं टेकवलं.

"तुमी लाइनवर व्हता," तो म्हणाला. "तुमीच सांगा."

त्यानंतर त्याची गाडी न थांबता माझ्या स्टेशनावरून गेली की ठरलेलं. इंजिन लांबून दिसलं की मी निशाण घेऊन फलाटावर उभा. तो कोळसा टाकायचा थांबतो, इंजिनाच्या कडेला येतो, आणि उजवा हात सरळ वर करतो. पंजा उघडा, पाची बोटं पसरलेली. हसत नाही, शिवी देत नाही. पुढं लांब जाईपर्यंत तो हात तसाच वर. आणि मला तोंड फिरवता येत नाही. शेवटचा दिवा दिसेपर्यंत नजर हलवायची नाही, असा नियम आहे.